क्रूझवर चढायच्या दिवशी सामान आणि केबिनचं कसं जमवायचं : बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडं आता क्रूझला जाणारी मंडळी बरीच वाढलीत. कुणाचे आईवडील रिटायर झालेत, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालीत, कुणाच्या पोरांना मे महिन्याची सुट्टी आहे. कुणी मुंबई-गोवा करतं, कुणी सिंगापूरहून पुढं जातं. बुकिंग करणारा एजंट जेवण, शो, स्विमिंग पूल सगळं रंगवून सांगतो पण चढायच्या दिवशी सामानाचं काय होतं आणि केबिन कधी हातात मिळते हे मात्र कुणी धड सांगत नाही, आणि नेमकं त्यातच माणसं दमतात, विशेषतः वयस्कर माणसं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बंदरावर मोठी बॅग तुमच्या हातातनं जाते ती थेट तुमच्या केबिनच्या दारात येते, पण या दोन्हीच्या मधी चार-पाच तास सहज जातात, कधी रात्रीचं जेवण होईपर्यंत बॅग येत नाही. केबिनसुद्धा चढल्याचढल्या उघडी मिळेलच असं नाही. म्हणजे दुपारचे काही तास तुम्ही बोटीवर आहात पण ना खोली आहे ना सामान. त्या तासांची तयारी घरातनंच करून निघायचं, एवढंच खरं काम आहे. खाली जे लिहिलंय ते सगळं त्यासाठीच.

१. घरातच दोन ढीग करा

पॅकिंगला बसाल तेव्हा पलंगावर दोन ढीग करा. एक मोठ्या बॅगेचा, जो बंदरावर हमालाच्या ताब्यात जाणार. दुसरा पाठीवरच्या सॅकचा, जी शेवटपर्यंत तुमच्याच खांद्यावर राहणार. कुठली वस्तू कुठं टाकायची हे ठरवायला एकच प्रश्न विचारा, ही वस्तू रात्री नऊपर्यंत मिळाली नाही तर चालेल काय? नाही चालणार तर ती सॅकमध्ये.

सॅकमध्ये काय काय पाहिजे ते सांगतो:

- सगळी कागदपत्रं, पैसे, कार्डं, दागिने
- औषधं, आणि ती एका दिवसाची नाही, सगळीच्या सगळी. बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्या, इन्शुलिन, दम्याचा पंप, आणि बोट लागू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी
- चष्मा, कानाचं मशीन, दातांची कवळी ठेवायची डबी
- मोबाईल, चार्जर, पॉवर बँक
- प्रत्येकाचा एक कपड्याचा जोड, त्यात संध्याकाळी जेवायला घालता येईल असा असला तर उत्तम
- पोरांचे पोहायचे कपडे आणि एक पातळ टॉवेल
- लहान बाळ असेल तर डायपर, दुधाची पावडर, बाटली, रात्रीपर्यंत पुरेल इतकं
- पातळ स्वेटर नाहीतर शाल

पोहायच्या कपड्यांबद्दल जास्त सांगतो कारण तिथं पोरं हमखास रडतात. पूल बहुतेक बोटींवर दुपारीच चालू असतो, पोरांना समोर निळं पाणी दिसतंय आणि कपडे मोठ्या बॅगेत, ती बॅग अजून खाली कुठल्यातरी डेकवर, म्हणजे बोटीच्या मजल्यावर, ट्रॉलीत पडलेली. सुती चड्डी-बनियनवर पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचा कॉस्च्युम लागतो. गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात आधीच घेऊन ठेवा, बोटीवरच्या दुकानात घ्यायला गेलात तर पैसे भरपूर जातात.

शालीचं पण तसंच. बोटीत एसी जोरात असतो, आणि डेकवर वारा. म्हाताऱ्या माणसांना पहिल्याच दुपारी थंडी बाधली तर पुढचे दिवस खोलीतच जातात.

मोठी बॅग घेताना एक मोठीच्या मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या. केबिन लहान असते, मुंबईहून चालणारी एम्प्रेस बोट तर १९९० सालची आहे, जुन्या बोटींत खोल्या अजूनच आटोपशीर. रिकामी बॅग पलंगाखाली सरकवून ठेवायची पद्धत आहे, मऊ कापडी बॅग सहज जाते, कडक भली मोठी बॅग तिथं जात नाही आणि मग ती चार दिवस पायात येत राहते. बोटीवाले वजनाला सहसा फार धरत नाहीत, पण सांबऱ्याहून विमानानं जाणार असाल तर विमानाचं वजन धरायचं, देशातल्या विमानात साधारण १५ किलो चेक-इनला आणि ७ किलो हातात. परतीच्या खरेदीची जागा त्यातच सोडा.

२. कागदपत्रं

देशातल्या देशात जाणार असाल, म्हणजे मुंबई-गोवा, कोची, लक्षद्वीप, तर प्रत्येकाचं सरकारी ओळखपत्र लागतं. आधार, पासपोर्ट, मतदान कार्ड असलं काहीतरी, मूळ प्रत, झेरॉक्स नाही. कुठलं चालतं ते तुमच्या तिकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचा. लहान पोरांचं सुद्धा आधार नाहीतर जन्मदाखला घ्या.

आपल्या भागातली खरी अडचण नावाची. कर्नाटकातल्या आधारवर नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं, मुंबईच्या काउंटरवर इंग्रजी ओळच बघतात. आपल्याकडं कुणाचं आडनाव आधी, कुणाचं नुसतं इनिशियल, कुणाच्या आधारवर वडिलांचं नाव गाळलेलं, लग्नानंतर बायकोचं आधार बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावानं. बुकिंग करताना एजंट फोनवर विचारून नाव टाकतो आणि तिथं स्पेलिंग बदलतं. म्हणून एजंटला नाव तोंडी सांगू नका, ज्या ओळखपत्रावर जाणार त्याचाच फोटो पाठवा, आणि तिकीट हातात आल्यावर एकेक अक्षर जुळवून बघा. पासपोर्टवर जन्मगाव जुन्या स्पेलिंगनं आणि आधारवर नवीन स्पेलिंगनं असलं तर घाबरू नका, बेळगाव शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलून बेळगावी झालंय, त्यानं बोटीवर काही अडत नाही. अडतं ते माणसाच्या नावानं.

परदेशाची क्रूझ असेल तर:

- पासपोर्ट, परत यायच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला. बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं, पण वेळ हातात ठेवून करा
- व्हिसा. सिंगापूरहून निघून मलेशिया, थायलंड करून परत सिंगापूरलाच उतरायचं असेल तर तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता, त्यामुळं मल्टिपल एन्ट्रीचा व्हिसा आहे काय ते नीट बघा. युरोपातल्या बोटी मधीच शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाच्या, बाहेर जाऊन परत येतात, तिथंही हेच
- ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद
- औषधांची चिठ्ठी, इंग्रजीत, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासकट

घरात गरोदर बाई असेल तर आधीच विचारा. बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर घेत नाहीत, आणि त्याआधी डॉक्टरांचं पत्र मागतात. सहा महिन्यांखालच्या बाळालाही बहुतेक ठिकाणी परवानगी नसते.

सगळ्या कागदांचा फोटो घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवा. मूळ कागद एका प्लास्टिक फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर घरातल्या एकाच माणसाकडं. चौघांकडं चार ठिकाणी कागद असले की काउंटरवर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहतात.

३. वेब चेक-इन आणि बॅगेचे टॅग

निघायच्या काही दिवस आधी कंपनीच्या वेबसाइटवर नाहीतर ॲपवर वेब चेक-इन करायचं असतं. त्यात फोटो टाकावा लागतो, माहिती भरावी लागते, आणि बंदरावर किती वाजता यायचं तो स्लॉट मिळतो. लवकर केलं तर लवकरचा स्लॉट मिळतो, म्हणून शेवटच्या रात्रीवर टाकू नका. बोर्डिंग पास निघाला की त्याची छापील प्रत पण घ्या, मोबाईलची बॅटरी रांगेतच संपते.

त्याबरोबर बॅगेचे टॅग मिळतात. काही कंपन्या टॅग घरी छापून आणायला सांगतात, काही बंदरावर देतात. टॅगवर तुमचं नाव, बोटीचं नाव, तारीख आणि केबिन नंबर असतो. हमाल, बोटीवरची माणसं, कुणी तुम्हाला ओळखत नाही, ते फक्त हा कागद वाचून बॅग पोचवतात. म्हणून टॅगला जपा:

- एका बॅगेला एक, असे टॅग काढा आणि वर दोन जास्तीचे घ्या
- झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छापून, घडी घालून, वरनं रुंद सेलोटेप पूर्ण गुंडाळा, पावसानं घामानं शाई पसरत नाही
- हँडलला गुंडाळून स्टेपलरच्या चार-पाच पिना मारा, दोन पिनांवर भरवसा नको
- घरनं लावून निघू नका. रेल्वेत, बसच्या डिकीत, विमानाच्या पट्ट्यावर टॅग फाटतो. छोटा स्टेपलर सॅकमध्ये घ्या आणि बंदराच्या दारात उतरल्यावर लावा
- विमानाचे जुने टॅग, बारकोडचे स्टिकर सगळे काढून टाका

आणि बॅगेच्या आत, कपड्यांच्या वरती, एका कागदावर नाव, केबिन नंबर, मोबाईल नंबर लिहून ठेवा. बाहेरचा टॅग तुटला तर आतला कागद कामाला येतो.

ओळखीसाठी लाल रिबन सगळेच बांधतात, त्यामुळं ती बांधून उपयोग नाही. आमच्या घरात जुन्या शहापुरी साडीचे काठ फाडून हँडलला बांधतात, तो काठ दुसऱ्या कुणाच्या बॅगेला असायचा प्रश्नच नाही, लांबनं दिसतो. शेवटी प्रत्येक बॅगेचा एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, पुढं सांगतो का ते.

४. काय न्यायचं नाही

सगळं सामान एक्स-रेमधनं जातं, मोठ्या बॅगा सुद्धा. त्यात चालत नाही अशी वस्तू दिसली तर बॅग केबिनकडं येतच नाही, ती सिक्युरिटीच्या खोलीत जाऊन बसते, आणि तुम्ही तिथं जाऊन समोर उघडून दाखवल्याशिवाय सुटत नाही. बॅग उशिरा यायचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं.

इस्त्री, पाणी तापवायची किटली, इलेक्ट्रिक शेगडी, मेणबत्ती, उदबत्ती, आगपेटी, चाकू-सुरी, नारळ फोडायचा कोयता असलं काहीच नको. बोटीवर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून त्यात ते कुणाचं ऐकत नाहीत. घरातल्या देवपूजेसाठी निरांजन, कापूर घेऊन येणारे असतात, त्यांनी छोटा फोटो न्यावा आणि नुसता नमस्कार करावा. एक्स्टेन्शन बोर्ड पण बहुतेक बोटींवर काढून घेतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंची बॅग तेवढ्यासाठीच अडकली होती आणि त्या रात्री दहापर्यंत प्रवासाच्याच साडीवर होत्या. त्यापेक्षा एक युनिव्हर्सल ॲडाप्टर आणि एकाच वेळी तीन-चार मोबाईल लावता येतील असा यूएसबी चार्जर न्या.

आता खाण्याचं. आपण कुठं जायचं तर कुंदा, करदंट, चिवडा, चटणी, भाकरीचा डबा घेतल्याशिवाय निघत नाही. बोटीवर घरचं बनवलेलं अन्न सहसा चालत नाही, कारण एकाचं पोट बिघडलं तर अख्ख्या बोटीत पसरायची भीती असते. दुकानाचं सीलबंद पाकीट बऱ्याचदा सोडतात, सुटा डबा सोडत नाहीत. कुंदा न्यायचाच असेल तर सीलबंद खोका घ्या आणि तो सॅकमध्ये ठेवा, म्हणजे अडवलाच तर मोठी बॅग तरी अडकणार नाही. भाकरी-चटणी मुंबईपर्यंतच्या प्रवासात संपवून टाका. डायबेटिस असलेल्यांनी बिस्किटांचं बंद पाकीट जवळ ठेवावं, त्याला कुणी काही म्हणत नाही.

निपाणीकडच्या मंडळींना कळकळीनं सांगतो, तंबाखूची पुडी घरी ठेवा. सिंगापूरमध्ये खायची तंबाखू आणि गुटखा नेता येत नाही, च्युइंग गमला पण बंदी, दंड मोठा होतो. दुबईला जाणार असाल तर खसखस आणि विड्याची पानं नकोत. गरम मसाल्यात, लाडवात खसखस असते हे आपल्या लक्षातच येत नाही, तिथं ती अमली पदार्थात धरतात. काही दुखण्याच्या गोळ्यांवर पण तिथं बंधन आहे, म्हणून चिठ्ठीशिवाय गोळ्या नेऊ नका.

दारू बाहेरनं नेता येत नाही. गोव्याला उतरून बाटली घेतलीत तर चढताना ती ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी देतात. आणि ती घरापर्यंत आणायचे नियम वेगळेच आहेत, ते आपल्या भागातल्या माणसाला मी काय सांगायचं.

५. बंदरापर्यंत पोचायचं

एकच नियम, बोटीच्या दिवशी सकाळी निघून दुपारी पोचू असं ठरवू नका. बेळगाव ते मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, पुण्याच्या पुढं ट्रॅफिक कधी अडकेल सांगता येत नाही, आणि बोट कुणासाठी थांबत नाही. निघायच्या बऱ्याच आधी, साधारण तास-दीड तास, चेक-इनच बंद होतं. रात्रीच्या रेल्वेनं दादरला उतरा, निपाणी-चिकोडीकडच्यांनी कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली तर ती थेट सीएसएमटीला जाते आणि तिथनं बंदर अगदी जवळ. आईवडील बरोबर असतील तर एक दिवस आधी जाऊन फोर्टकडं मुक्काम केलेला सगळ्यात बरा.

टॅक्सीत बसताना नीट सांगा. मुंबईत "बोटीला जायचंय" म्हटलं की ड्रायव्हर गेटवेला नाहीतर भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडतो, कारण मांडव्याची, रेवसची बोट तिथनं सुटते. मोठ्या क्रूझचं टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. तिकिटावर जे टर्मिनल आणि जे गेट लिहिलंय तेच ड्रायव्हरला वाचून दाखवा.

गोव्याहून चढणार असाल तर मुरगाव बंदर, म्हणजे वास्कोला जायचं. चोर्ला घाटानं किंवा खानापूर-अनमोडवरनं गाडीनं जाता येतं, लोंढ्यावरनं रेल्वे पण आहे. घाटात ट्रक बंद पडला की तास-दोन तास तिथंच जातात, तो वेळ धरून निघा.

६. बंदरावर : बॅग कुठं द्यायची, कुणाला द्यायची

टर्मिनलच्या दारात पोचलात की आधी टॅग लावा. मग बॅग ड्रॉपचं काउंटर बघा. तिथं गणवेशातली, गळ्यात ओळखपत्र असलेली माणसं बॅग घेतात. बाहेर रस्त्यावर कुणी हात पुढं करून "द्या साहेब" म्हणाला तर त्याच्याकडं देऊ नका, आत काउंटरवरच द्या. पावती किंवा टॅगचा तुकडा दिला तर तो जपून ठेवा.

देण्याआधी तिथंच उभं राहून परत एकदा विचार करा, पासपोर्ट कुठं आहे? गोळ्या कुठं आहेत? गाडीत बसताना घाईत हातातली पर्स मोठ्या बॅगेत कोंबलेली असते आणि आतमध्ये काउंटरवर पासपोर्ट मागतात तेव्हा बॅग बोटीच्या पोटात गेलेली असते. ती तिथनं परत शोधून आणणं फार कठीण जातं.

पुढं विमानतळासारखंच, सिक्युरिटी, मग काउंटर, तिथं कागद बघून फोटो काढतात, परदेशाची क्रूझ असेल तर इमिग्रेशनचा शिक्का. सामान अगदी थोडं असेल तर स्वतः ओढत नेता येतं, पण मग केबिन उघडेपर्यंत ते घेऊनच फिरावं लागतं, डायनिंग हॉलमध्ये सुद्धा. मला विचाराल तर वयस्कर माणसांनी ते करू नये.

चालायला त्रास होणाऱ्यांसाठी व्हीलचेअर मिळते, पण ती आधीच बुकिंगमध्ये सांगायची. बोटीवर जायचा जो पूल असतो त्याला चढ असतो, गुडघेदुखीवाल्यांना तिथं दम लागतो.

७. कार्ड, आणि केबिन उघडेपर्यंतचे तास

तुम्हाला एक प्लास्टिकचं कार्ड मिळतं. काही ठिकाणी काउंटरवर, काही बोटींवर ते केबिनच्या दाराशी पाकिटात ठेवलेलं असतं. हेच कार्ड दाराची किल्ली, हेच बोटीवरचं ओळखपत्र, याच्यावरच खरेदीचे पैसे लागतात, आणि मधल्या बंदरावर उतरताना-चढताना हेच स्कॅन करतात. गळ्यात अडकवायची पट्टी घ्या. मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवू नका, काही कार्डं मोबाईलजवळ राहून बंद पडतात. पडलंच तर रिसेप्शनवर नवीन करून देतात. पोराच्या कार्डावर खरेदी बंद करून घ्या, हे पण रिसेप्शनवरच होतं.

केबिन साधारण दुपारी एक-दोनच्या पुढं तयार होतात, बोटीप्रमाणं वेळ बदलते. त्याच दिवशी सकाळी आधीची माणसं उतरलेली असतात आणि शेकडो खोल्या साफ करायच्या असतात, म्हणून तोपर्यंत त्या मजल्यांची दारं बंद ठेवतात. तिथं उभं राहून वाद घालू नका. घोषणा होते, तोपर्यंत जेवून घ्या. बुफेला सगळे एकदम घुसतात, त्याच वेळी दुसरं एखादं डायनिंग हॉल पण चालू असतं आणि तिथं जागा असते, कुणाही स्टाफला विचारा. जैन जेवण, कांदा-लसूण नको, उपवास असलं काही असेल तर याच वेळात सांगून टाकावं.

याच वेळात सुरक्षेचं ड्रिल, म्हणजे धोक्याच्या वेळी काय करायचं त्याची तालीम, पण असतं. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया बोट खडकाला लागून कलंडली, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच लोकांचं ड्रिल तोपर्यंत झालेलंच नव्हतं. आधी नियम २४ तासांच्या आत घेण्याचा होता, १ जानेवारी २०१५ पासून तो बदलून बोट निघण्याआधी किंवा निघाल्यावर लगेच असा झाला. म्हणून कंटाळा करू नका, आणि आजी-आजोबांना "तुम्ही बसा, आम्ही जाऊन येतो" म्हणू नका, त्यांनाच तर जागा माहीत पाहिजे. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याची सूचना, तेव्हा कार्डावर लिहिलेल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या जागेला, जायचं.

८. केबिन शोधणं आणि आत गेल्यावर

केबिन नंबरचे सुरुवातीचे आकडे म्हणजे डेक, ७१२४ असेल तर सातवा डेक. दोन्ही बाजूंचे पॅसेज एकसारखेच दिसतात आणि लांबच्या लांब असतात, पहिल्या दिवशी सगळेच चुकतात. लिफ्टबाहेरच्या नकाशात आपला नंबर पुढं, मधी की मागं ते बघा आणि जवळचा जिना कुठला ते लक्षात ठेवा. आईवडिलांची केबिन वेगळी असेल तर एकदा त्यांना लिफ्टपासून दारापर्यंत चालवत न्या, मग परत त्यांना एकटं यायला सांगा.

आत गेल्यावर लगेच बघायच्या गोष्टी:

- लाइट लागत नसेल तर दाराशेजारच्या खाचेत कार्ड घाला
- कपाटात लाइफ जॅकेट माणसांइतकी आहेत काय? लहान पोराच्या मापाचं नसेल तर लगेच मागा
- दाराच्या मागं लावलेला बाहेर पडायचा रस्ता वाचा
- तिजोरीला स्वतःचा नंबर घाला, कागद-दागिने तिथं
- पलंग जोडलेले हवेत की वेगळे, केबिन स्टीवर्डला, म्हणजे खोली आवरणाऱ्या माणसाला, तेव्हाच सांगा, रात्री उशिरा सांगितलं तर त्याला धावपळ होते

बाथरूमच्या दाराला उंच उंबरा असतो, म्हाताऱ्या माणसांना आधी दाखवा, रात्री तिथंच ठेच लागते. बादली-मग नसतो, आणि परदेशी बोटींवर जेट पण नसतो, म्हणून एक छोटा प्लास्टिकचा मग न्या, आमच्याकडच्या कुठल्याही आजी-आजोबांना हे सांगायचं सगळे लाजतात पण खरी सोय हीच आहे. संडासात कागदाशिवाय काहीही टाकू नका, बोटीतल्या संडासाचे पाइप व्हॅक्यूमवर चालतात, एक तुंबला की शेजारच्या चार खोल्यांचा बंद पडतो.

बोट सुटायच्या आधी घरी फोन करून घ्या आणि मग मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात गेल्यावर मोबाईल बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल फार मोठं येतं.

९. बॅग आली नाही तर

बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवून जातात, कुणी बेल वाजवत नाही. एकेक करून येतात, एक चारला, दुसरी सातला. त्यामुळं दर तासाला दार उघडून बघा. मिळाली नाही तर लगेच रिसेप्शनला धावू नका, आधी आपल्या पॅसेजमध्ये दोन्हीकडं फिरून या, बऱ्याचदा चार दारं पलीकडं ठेवलेली असते. पलीकडच्या पॅसेजचा तसलाच नंबर पण बघा.

मग स्टीवर्डला विचारा. हे काम करणारी बरीच पोरं गोव्याची, आपल्याकडची असतात, मराठीत नाहीतर कोकणीत बोलता येतं आणि ती मनापासून मदत करतात. बोट सुटून दोन-तीन तास झाले तरी पत्ता नसेल तर रिसेप्शनला जा, बॅगेचा फोटो दाखवा. यासाठीच तो काढून ठेवायचा, कारण "काळी, चाकांची, मध्यम" असं सांगितलं तर तसल्या शंभर असतात. सिक्युरिटीनं अडवली असेल तर ते कळवतात किंवा खोलीत चिठ्ठी टाकतात. तिथं ओळखपत्र आणि बॅगेच्या कुलपाची किल्ली घेऊन जा. वस्तू ठेवून घेतली तर पावती घ्या, शेवटच्या दिवशी परत मिळते.

एखादी काकू पॅसेजमध्ये उभी राहून "माझी बॅग कुठं गेली" म्हणून रडकुंडीला आलेली दिसली तर तिच्याबरोबर दोन मिनिटं चाला. पहिल्यांदा आलेल्या माणसाला त्या वेळी कुणीतरी आपल्या भाषेत बोललेलं फार लागतं.

१०. शेवटच्या रात्री हेच उलटं

उतरायच्या आदल्या रात्री रंगीत टॅग देतात, ते मोठ्या बॅगेला लावून सांगितलेल्या वेळेआधी दाराबाहेर ठेवायची. सकाळी बंदरावर रंगाप्रमाणं, नंबराप्रमाणं रांगेत लावलेली मिळते. यावेळी पण सॅकमध्ये सकाळचे कपडे, चप्पल, औषधं, कागद, ब्रश ठेवा, झोपायच्या कपड्यावर उतरायची वेळ यायला नको. तिजोरी उघडून बघा, पलंगाखाली बघा, चार्जर प्लगमधनं काढा. बिल रात्रीच रिसेप्शनवर किंवा टीव्हीवर बघून घ्या, काही चुकीचं लागलं असेल तर तेव्हाच बोला, सकाळी तिथं लांब रांग असते. बोटीवरची फळं, जेवणातलं काही पिशवीत घालून परदेशातल्या बंदरावर उतरू नका.

परतीची रेल्वे नाहीतर विमान दुपारनंतरचंच काढा. बोट सकाळी लागली तरी उतरायला, बॅग शोधायला, टॅक्सी मिळायला दहा-अकरा वाजतातच.